खालचा गलबला

शांत किनारा ओळखायचा असेल तर पायाशी बघू नये, लांब बघावं. फिकट हिरवं पाणी जिथे संपतं आणि गडद निळं सुरू होतं, त्या सीमेवर फेसाची पांढरी रेघ सतत हलताना दिसते का? दिसली, तर पिशवीतून पोहण्याचे कपडे काढायला हरकत नाही. ती रेघ म्हणजे प्रवाळभित्तीचा, चिमुकल्या समुद्रजीवांनी चुन्यातून बांधलेल्या भिंतीचा माथा. भर समुद्रातून आलेली लाट तिथे आपटते, फुटते, आणि तिच्यातलं जे काही उरतं ते अलीकडच्या उथळ पाण्यातून येऊन पुळणीला जेमतेम चाटून जातं. जगभरातल्या प्रवाळभित्तींवर घेतलेली मोजमापं एकत्र करून २०१४ साली एक अभ्यास झाला. भित्ती लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा काढून घेते, असं त्यातून निघालं. उरलेल्या ३ टक्क्यांत आपण डुंबतो आणि म्हणतो, "काय शांत समुद्र आहे!"

उष्ण कटिबंधातल्या अशा किनाऱ्यांचं मला वेड आहे. मात्र त्यांचे जे फोटो सगळीकडे फिरत असतात ते पाहून थोडी चिडचिड होते. वाकलेला माड, रिकामी पुळण, काचेसारखं पाणी, बस. जणू काही घडतच नाही म्हणून ती जागा सुंदर. प्रत्यक्षात त्या काचेखाली चोवीस तास कारखाना चालू असतो, आणि वरची सगळी शांतता त्याचंच उत्पादन असतं.

साधी पायाखालची वाळू घ्या. अशा किनाऱ्यावर भर उन्हात अनवाणी चाललं तरी पाय फारसा पोळत नाही, कारण ती वाळू चुन्याची आणि पांढरी असते, ऊन परतवून लावते. त्यातला बराचसा चुना पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो. या माशाचे दात एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली असते. त्या चोचीने तो प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचं शेवाळ आणि सूक्ष्म जीव पचवतो आणि दळलेला चुना मागच्या बाजूने सोडून देतो. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी काढतो. मालदीवमधल्या वक्कारू नावाच्या बेटाभोवतीच्या भित्तीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपटमाशांची निघाली. पुळणीवर पडून मूठभर वाळू बोटांतून सोडत भावुक झालेल्या माणसाला हे सांगावं की नाही, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही.

ही भित्ती बांधणारे प्रवाळजीव किती काळ राबत आहेत याचा अंदाज पहिल्यांदा नीट बांधला तो चार्ल्स डार्विनने. १८३६ च्या एप्रिलमध्ये त्याचं जहाज हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर थांबलं होतं. मधे उथळ पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं, अशी ती बेटं. डार्विनचं म्हणणं असं, की मुळात तिथे ज्वालामुखीचा डोंगर असणार. तो हळूहळू खचत गेला, आणि उजेडाच्या ओढीने प्रवाळ तितक्याच चिकाटीने वर वाढत राहिलं. डोंगर बुडाला, कडं उरलं. १८४२ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. पुरावा मिळायला मात्र १९५२ साल उजाडलं. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटांवर खोल विंधणं घेतली, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडक भेदल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला. ती विंधणं घेतली गेली अणुचाचण्यांच्या निमित्ताने. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तिथल्या एलुगेलॅब या बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी झाली आणि ते बेट नकाशावरून पुसलं गेलं. कोट्यवधी वर्षांची चिकाटी मोजायची आणि लगेच सुरुंग लावायचा, हे माणसालाच जमतं.

असो. पाण्यात शिरू.

भित्तीच्या अलीकडच्या पाण्यात उतरायचं ते भरतीला, किंवा भरतीच्या जरा आधी. ओहोटीला प्रवाळाच्या माथ्यावर वीतभरसुद्धा पाणी उरत नाही. मग पोट खरचटतं आणि प्रवाळही मोडतं. सकाळ उत्तम, वारा पडलेला असतो. उतरताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूतून फरपटत न्यावेत, कारण पाकट ही चपटी मासळी वाळू अंगावर ओढून पडून असते. पाय वरून पडला तर ती शेपटीचा काटा मारते, नुसता धक्का लागला तर निघून जाते. कंबरभर पाण्यात उभं राहून मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायची, एकदा विसळायचं आणि डोळ्यांवर चढवायचा. नवखी माणसं इथे नाक मुरडतात. पण थुंकीने काचेवर बाष्पाचे थेंब न जमता पातळ पापुद्रा पसरतो आणि समोरचं स्वच्छ दिसतं. विकतचे फवारे मिळतात, पण ते नेमके खोलीवर राहतात.

मास्क ही खरं तर काहीच न करणारी वस्तू. डोळा आणि पाणी यांच्यामध्ये चिमूटभर हवा ठेवते, एवढंच तिचं काम. आपल्या डोळ्याचं बाहेरचं पटल प्रकाश वळवतं ते हवेच्या भरवशावर. थेट पाणी लागलं की त्याची ताकद जवळजवळ संपते आणि सगळं धूसर होतं. अंदमान समुद्रातल्या मोकेन या दर्यावर्दी लोकांची मुलं मात्र मास्कशिवाय पाण्याखाली बारीक शिंपले शोधतात. स्वीडिश संशोधकांनी २००३ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा या मुलांची पाण्याखालची नजर युरोपीय मुलांच्या दुपटीहून तीक्ष्ण निघाली. ती पाण्यात बाहुली बारीक करतात. पुढे सरावाने युरोपीय मुलांनाही ते जमलं. आपल्यासारख्यांना काचेचा आधार लागतो, आणि काच थोडं खोटं बोलते. तिच्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसते. पाण्यातून वर आल्यावर जो तो आपण पाहिलेल्या माशाची लांबी हात पसरून दाखवतो, त्याला निदान एवढा तरी शास्त्राधार आहे.

तोंडात धरायच्या श्वासाच्या नळीबद्दल, म्हणजे स्नॉर्कलबद्दल, मुलं हमखास विचारतात, ती लांब केली तर खोल जाता येईल ना? नाही येणार. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा दाब इतका वाढतो की वरची साधी हवा आत ओढायला बरगड्यांचे स्नायू पुरत नाहीत. शिवाय लांब नळीत सोडलेलाच श्वास पुन्हा आत येत राहतो. म्हणून ती फूट-दीड फुटाचीच असते. पाण्यात उतरणाऱ्यांच्या श्वास घेण्याच्या साधनांची तुलना ॲरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेशी केली होती. नळी तोंडात धरून पालथं तरंगत राहिलं की ती किती चपखल आहे ते पटतं. ऐट नसलेला, पण मजेत असलेला हत्ती.

आता एक निरीक्षण, ज्यावर पट्टीचे पोहणारे माझ्याशी भांडतात. चांगलं पोहता येणारा माणूस स्नॉर्कलिंग शिकायला अवघड जातो. त्याला अंतर कापायची सवय लागलेली असते. तो पाण्यात पडला की हातपाय चालू, या टोकाहून त्या टोकाला. बाहेर येऊन सांगतो, "पाहिलं सगळं, चार-दोन मासे आहेत." आणि त्याच पाण्यात, ज्याला जेमतेम तरंगता येतं असा कुणीतरी एका प्रवाळाच्या ढिगाऱ्यावर अर्धा तास पडून राहतो, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं इतकं असतं की जेवण थंड होतं. खाऱ्या पाण्यात शरीर बुडायला तयारच नसतं. त्याला फक्त परवानगी द्यायची. खांदे सोडायचे, पायातले फिन्स वर ठेवायचे, श्वास लांब करायचा. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मासे फटींत गेलेले असतात, कारण वर एक मोठी सावली आलेली असते. मग सावली काही करत नाही असं त्यांच्या लक्षात येतं आणि एकेक जण बाहेर येतो.

सगळ्यात आधी येतो तो डॅमसेल. हाताच्या पंजापेक्षा लहान, काळपट, दिसायला मुळीच देखणा नाही. हा मासा शेती करतो. प्रवाळाच्या एखाद्या तुकड्यावर त्याने शेवाळाचा वाफा राखलेला असतो. नको त्या जातीचं शेवाळ उपटून तोंडाने लांब नेऊन टाकतो, आणि वाफ्याकडे कुणी फिरकलं की तो कोण आहे हे न पाहता चाल करून जातो. मी त्याच्या कित्येक पट मोठी, तरी तो थेट माझ्या काचेवर येऊन आपटतो, मागे जातो, पुन्हा येतो. मी मागे सरते. त्याचा हक्क माझ्यापेक्षा जुना आहे.

त्याच ढिगाऱ्याच्या कडेला जरा उंच जागी निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला बोटाएवढा मासा वरखाली नाचत असतो. हा सफाईवाला, क्लीनर रास. त्याचं दुकान एकाच जागी असतं आणि गिऱ्हाइकं रांगेत येतात. एकदा एक जाडजूड हेकरू तिथे येऊन थबकला. अंगाचा रंग फिका केला, जबडा उघडला, कल्ले ताणले आणि तसाच लटकत राहिला. सफाईवाला त्याच्या ओठांवरून आत गेला, कल्ल्यातून बाहेर आला, डोळ्याच्या कडेने फिरला. मधेच हेकरूचं अंग दचकल्यासारखं हललं. म्हणजे सफाईवाल्याने परजीवी सोडून अंगावरच्या चिकट द्रवाचा लचका तोडला होता, ती त्याच्या आवडीची चीज आहे. तरी गिऱ्हाईक गेलं नाही. असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परजीवी टिपतो, थोडी चोरी चालते. याच जातीच्या माशाने पुढे आरशात स्वतःला ओळखण्याच्या चाचणीत नाव काढलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आपल्या गळ्याशी केलेली खूण त्याने आरशात पाहिली आणि तळाशी गळा घासून ती काढायचा प्रयत्न केला. त्याचा अर्थ काय घ्यायचा यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावरचे डाग शोधणाऱ्याला स्वतःचा डाग दिसणारच, असं मला आपलं वाटतं.

हे सगळं डोळ्यांचं झालं. मला खरं वेड लावलं ते कानांनी.

डोकं पाण्यात गेलं की वाऱ्याचा, माडांचा, माणसांचा आवाज कापल्यासारखा बंद होतो आणि दुसराच आवाज सुरू होतो. ओली लाकडं पेटताना तडतडतात तसा, पण न थांबणारा आणि सगळीकडून येणारा. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच पोचतो, त्यामुळे दिशा कळत नाही. वाटतं, तडतड आपल्याच डोक्यात चालली आहे. ती करतात पिस्तूल कोळंब्या. बोटभर लांबीच्या, फटीत लपलेल्या, सहसा न दिसणाऱ्या. एक नांगी मोठी असते, ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्याची चिळकांडी उडून मागे बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटताना आवाज होतो. नांगी नांगीवर आपटून तो होत नाही, हे २००० साली कळलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या तडतडीने हैराण केलं होतं. तिच्यात मधूनच पोपटमाशाचं कुरतडणं मिसळतं, ते तर काही मीटरवरून स्पष्ट ऐकू येतं. आणि बारीक माशांचं कुरकुरणं, ठोकणं, घुमणं. पुळणीवरून निव्वळ निवांत वाटणारी जागा खालून भर बाजार असते.

हा बाजार नुसता आपल्या करमणुकीचा नाही. भित्तीवरच्या बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की मोकळ्या समुद्रात वाहत जातात. काही आठवड्यांनी परत यायचं, तर अफाट पाण्यात भित्ती शोधायची कशी? वासाने, आणि कानांनी. जिथे गलबला तिथे वस्ती, हे त्या नखाएवढ्या पिल्लालाही कळतं.

वर सांगितलेल्या शांततेची एक दुसरी जातही आहे, आणि ती जिवावर बेतते. फेसाच्या पांढऱ्या रेघेत कुठेकुठे खंड असतो. तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतं. नवा माणूस तिथेच जातो, कारण तिथे सगळं थंड वाटतं. पण माथ्यावरून सतत आत येणारं पाणी परत बाहेर जायला तीच एक वाट असते. अशी ओढ सेकंदाला दोन मीटरच्या घरात जाऊ शकते, ऑलिंपिकचा पोहणाराही तिच्या उलट टिकत नाही. सापडलं तर तिच्याशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीतून बाहेर पडायचं आणि मग लाटा फुटतात त्या बाजूने परत यायचं. बुडणारा माणूस ओरडत नाही, ओरडायला श्वास लागतो. म्हणून जोडीदाराकडे दर थोड्या वेळाने मान वळवायची. खाली सूर मारण्याआधी भराभरा श्वास घ्यायची टूमही घातक आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्याने. तो आधीच उडवून दिला की धोक्याची घंटा वाजतच नाही आणि ऑक्सिजन संपून माणूस गपकन बेशुद्ध होतो.

आणि थंडी. २८ अंशांचं पाणी कोमट लागतं, पण पाणी हवेच्या वीसएक पट वेगाने अंगातली ऊब पळवतं. तासाभरात दात वाजतात. पाण्यात उतरल्यावर सारखी लघवीची भावना होते, तीही पाण्याच्या दाबाची आणि थंडीची करणी. हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

पांढरं पडलेलं प्रवाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते सुंदर वाटलं होतं. फांद्या, पंखे, घुमट, सगळं धुतल्यासारखं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाळ राहतं, तेच त्याला रंग देतं आणि उजेडातून बहुतेक अन्नही करून घालतं. उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे भाडेकरू बाहेर पडतात आणि खालचा चुन्याचा सांगाडा उघडा दिसतो. लगेच मरण येत नाही. पाणी वेळेत निवलं तर शैवाळ परत येतं. नाही निवलं तर सांगाड्यावर तपकिरी केसाळ शेवाळ चढतं. जगभर एकाच वेळी हे घडलं १९९८ मध्ये, मग २०१० मध्ये, मग २०१४ ते २०१७ सलग. २०२३ पासूनची चौथी खेप एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली.

अशा जागी पाण्यात डोकं घातलं की तडतड विरळ झालेली असते. हा भास नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लिझर्ड बेटाजवळ आधीची आणि चक्रीवादळं व उष्ण लाटा यांनी झालेल्या नासधुशीनंतरची ध्वनिमुद्रणं संशोधकांनी ताडून पाहिली. नंतरची भित्ती कितीतरी गप्प झाली होती, आणि त्या गप्प आवाजाकडे माशांची पिल्लंही कमी येत होती. हे २०१८ मध्ये छापून आलं. पुढच्याच वर्षी त्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. मेलेल्या प्रवाळाचे ढिगारे रचले, काहींपाशी पाण्याखाली स्पीकर ठेवून निरोगी भित्तीचा गलबला वाजवला. तिथे बाकीच्यांच्या दुप्पट मासे वस्तीला आले. मासे आल्याने ढिगारे पुन्हा जिवंत होतीलच असं नाही, पाणी तापणं काही स्पीकरने थांबत नाही. तरी ओसाड पडलेल्या पाण्याला त्याचाच जुना आवाज ऐकवायचा, ही कल्पना मला फार भिडली.

किनाऱ्यावर चर्चा मात्र सनस्क्रीनची असते. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोनसारखी, प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आणली. मीही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदराच घालते, पाठ भाजत नाही हा त्याचा खरा फायदा. पण गुन्हेगार नंबर एक उष्णता आहे, क्रीम नाही. प्रवाळावर उभं राहणं मात्र टाळता येतं. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, फिन्सचा एक फटका पंधरा-वीस वर्षं खाली पाडतो.

मला जास्त खुपतात इंजिनं. बाहेरून फटफटत येणारी बोट वर असताना खालची तडतड घरघरीत बुडून जाते. २०१६ च्या एका प्रयोगात मोटारबोटींच्या आवाजात डॅमसेलची पिल्लं शिकारी माशाला वेळेवर चुकवू शकली नाहीत, दुप्पटीहून जास्त खाल्ली गेली. वरच्या निवांतपणावर खालचा बाजार अवलंबून असतो, असाही हा हिशोब आहे. त्यामुळे चांगल्या जागा लांब आहेत, बोटीने चला, असा आग्रह झाला की मी मागे राहते. किनाऱ्यावरून पायी उतरून पोहत जाता येतं तेवढी भित्ती मला पुरते, तो डॅमसेलचा वाफाही तिथेच आहे. अट एकच, पाणी पुरेसं चढलेलं हवं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा उद्या जरा उशिरा उठलं तरी चालेल.